जिची शिवण, तिनंच उसवायची

इंदूरच्या पलासिया भागातल्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "माताजी, नमक बिल्कुल बंद." मी म्हटलं, "बंद तर नाही होणार, डॉक्टरसाहेब. कम करके देखती हूं." सून शेजारी बसली होती, ती कसनुशी हसली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, डॉक्टरांशी पण भांडता तुम्ही?" आता हिला काय सांगू? मीठ सोडू नकोस असं मला एका बाईंनी सांगून ठेवलंय, आणि त्या बाईंच्या मी आयुष्यात दोनच गोष्टी ऐकल्यात, त्यातली ही एक. बाकीचं ऐकलं असतं तर मला शिवण तरी नीट आली असती.

रेठरेकर बाई आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या. मध्यभारत नावाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. राजधानी अर्धं वर्ष इंदुरात आणि अर्धं ग्वाल्हेरात, आणि फायली बिचाऱ्या कायम वाटेत, असं माझे वडील म्हणायचे. ते सरकारी कचेरीत कारकून होते, त्यांना माहीत. आमची मुलींची शाळा कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे राजघराण्याच्या समाध्या, तिथून हाकेच्या अंतरावर होती आणि शिवणाची खोली अगदी मागे, नदीकडे खिडकी असलेली. तिथे दोन मशिनं, एक लांब मेज, एक कोळशाची इस्त्री आणि बाई.

बाई उंच, हाडापेरानं मजबूत. फिकं नऊवारी, मोकळं कपाळ. गळ्यात मापाची टेप. ती टेप घालूनच त्या घरातून निघायच्या आणि ती घालूनच भाजीबाजारात जायच्या. समोर कोणी आलं की त्यांचे डोळे आधी खांद्यावर जायचे. एकदा तपासणीला साहेब आले, मोठे रुबाबदार, वर्गभर फिरले, काजं-बटणं बघितली, आणि निघताना बाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, कॉलर तंग होते आहे तुमची. अर्धा इंच सोडवून घ्या, डोकं दुखायचं थांबेल." साहेब बघतच राहिले. त्यांचं डोकं दुखतं हे त्यांनी कोणाला सांगितलं होतं?

मेजाच्या खणात टाचण्या, खडू, दोऱ्याची रिळं, आणि या सगळ्यात एक पितळेची छोटी डबी. त्यात मीठ. मधल्या सुट्टीत बाई पेरू कापायच्या, नाहीतर काकडी, कैरीच्या दिवसांत कैरी, आणि चिमूट-चिमूट मीठ लावून असं काही मन लावून खायच्या की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. आम्हाला वाटायचं, बाईंना मिठाचं व्यसन आहे. शाळेची चपराशीण गेंदाबाई तर तोंडावर म्हणायची, "बेनजी, इत्तो लूण मत खाओ, हाड गळ जायगा." बाई म्हणायच्या, "गळू दे. माझा हिशेब मागचा आहे." कसला हिशेब ते काही आम्हाला कळायचं नाही, आणि विचारायची छाती नव्हती.

शिवणाच्या वर्गात कायदा एकच होता. जिची शिवण, तिनंच उसवायची. चूक झाली तर बाई रागवायच्या नाहीत. म्हणायच्या, "उसव. उसवायला लाज कसली? लाज वाकडी शिवण घालून फिरण्याची." पण दुसरीनं मदत केलेली त्यांना खपायची नाही. एका सरदार घराण्यातल्या मुलीनं परकराचा वाकडा हेम घरच्या मोलकरणीकडून उसवून आणला. बाईंनी तो बघितला, ओळखला, आणि त्या मुलीला तोच हेम पुन्हा वाकडा घालायला लावला. मग तिच्याकडून उसवून घेतला. पोरगी रडकुंडीला आली. आम्ही तोंडात पदर धरून हसत होतो. बाई म्हणाल्या, "दुसऱ्यानं उसवलेल्या शिवणीतून काही शिकता येत नाही गं."

हे सगळं शिवणापुरतं राहिलं असतं तर बाई माझ्या इतक्या लक्षात राहिल्या नसत्या. पण आम्हाला नीतीचा तास घेणाऱ्या बाई लग्न होऊन ग्वाल्हेरला गेल्या, आणि मोठ्या बाईंनी वेळापत्रक बघून शुक्रवारचा शेवटचा तास रेठरेकर बाईंच्या गळ्यात घातला. कारण काय, तर तेव्हा त्या रिकाम्या असायच्या. बस, एवढंच कारण.

पहिल्या शुक्रवारी बाईंनी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की क्रोध, मत्सर, लोभ यांना मनात थारा देऊ नये. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "या आठवड्यात ज्यांच्या मनात यातलं काहीच आलं नाही त्यांनी हात वर करा." तीन हात वर झाले. बाई म्हणाल्या, "तुम्ही तिघी घरी जा. तुम्हाला या तासाची जरूर नाही." दोघींनी पटकन हात खाली घेतले. तिसरी खरंच दप्तर आवरायला लागली.

मग बाईंनी पुस्तक मिटून मशिनीवर ठेवलं. "एक शिंपी होता," त्या म्हणाल्या. "त्यानं गिऱ्हाइकाचं माप न घेताच सदरा शिवला. गिऱ्हाईक घालून बघतं तर बाह्या कोपरापर्यंत. शिंपी म्हणतो, सदरा बरोबर आहे हो, तुमचे हात पापी आहेत." आम्ही खो खो हसलो. बाई हसल्या नाहीत. "हसू नका. आपण सगळ्या तोच सदरा घालून बसलोय. माणूस कसा आहे ते कोणी बघितलं नाही. तो कसा असावा ते लिहिलं, आणि तसा निघाला नाही की त्याला पापी म्हणाले. आधी माप घ्या. मग काय शिवायचं ते शिवा."

माप घ्यायची त्यांची पद्धत अशी. बटणं ठेवायचा एक बिस्किटांचा डबा होता, तो त्यांनी रिकामा केला. शुक्रवारी प्रत्येकीनं त्यात एक चिठ्ठी टाकायची, नाव न घालता. येऊ नये म्हणतात असं या आठवड्यात मनात काय आलं, एवढंच लिहायचं. काही लिहावंसं वाटलं नाही तर कोरी टाका, पण टाका. स्वतः बाईसुद्धा एक टाकायच्या. मग त्या एकेक वाचायच्या, त्यावर बोलणं व्हायचं, आणि तास संपला की चिठ्ठ्या इस्त्रीच्या निखाऱ्यात. आमच्या पापांवर शाळेच्या बँडचे सगळे गणवेश इस्त्री झालेले आहेत, हे त्या बँडवाल्या मुलींना ठाऊक नव्हतं.

काय काय निघायचं त्या डब्यातून! "ताईची साडी मला हवी आहे, ताई नको आहे." "उपासाच्या दिवशी मी चोरून कचोरी खाल्ली आणि देवाला नाही, आईला घाबरले." "वर्गात पहिली येणारीला ताप यावा असं वाटलं, पण थोडाच." आम्ही हसून लोळायचो, पण हळूहळू एक गंमत झाली. जी गोष्ट आपल्या एकटीच्याच मनात येते असं वाटायचं ती चार चिठ्ठ्यांमध्ये निघायला लागली. बाई विचारायच्या, "आलं मनात. मग केलंस काय?" ताप यावा म्हणणारीनं पुढच्या शुक्रवारी लिहिलं की त्या मुलीला खरंच ताप आला तेव्हा मी तिला माझी वही नेऊन दिली. बाई म्हणाल्या, "आता झालं पुरतं माप."

शाळेच्या कमिटीवर एक शास्त्रीबुवा होते. विद्वान, पिकल्या मिशा, बोलणं सावकाश. लोक त्यांना वचकून असत, पण माणूस दुष्ट नव्हता, खोटं कशाला बोलू? डब्याची कुणकुण लागल्यावर ते एक दिवस शिवणाच्या खोलीत आले. आम्ही हेम घालत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"बाई," शास्त्रीबुवा म्हणाले, "तुमचा तो शिंपी माझ्या नातीनं मला सांगितला. छान आहे. पण एक विचारतो. लहान मुलाचा सदरा आपण वाढत्या अंगाचा शिवतो की नाही? आज ढगळ होतो, उद्या बसतो. धर्म तसाच आहे. माणसानं वाढावं म्हणून तो मोठा शिवलेला आहे. नुसतं मापाला माप शिवत बसलं तर माणूस आहे तेवढाच राहील."

आम्ही सुया थांबवल्या. मला वाटलं, संपलं, आता बाई काय बोलणार?

बाईंनी हातातला झगा उलटा करून त्यांच्यापुढे धरला. "वाढता शिवतात, खरं आहे. पण हे बघा, जास्तीचं कापड आत मुडपून ठेवतात. पोर वाढेल तसं सोडायचं. आणि त्यालासुद्धा आजचं माप आधी घ्यावंच लागतं. तुमच्या शास्त्रात मुडप कुठे आहे, बुवा? आज हात बाहीत पुरला नाही म्हणून आपण पोराला नरकात घालत नाही."

शास्त्रीबुवांनी झगा हातात घेतला, मुडप चाचपून बघितली, आणि म्हणाले, "विचार करतो." आणि सही सांगते, तो माणूस विचार करत करतच गेला. दाराच्या चौकटीला डोकं आपटलं.

आता सुशीचं सांगते. इथून पुढचं सांगताना माझं मलाच बरं वाटत नाही, कारण यात माझा हात आहे.

सुशी माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील गिरणीत होते, त्यांना अर्धांगवायू झाला आणि तीन वर्षं ते खाटेवर पडून होते. आई दोन घरी स्वयंपाकाला जायची. खाली दोन लहान भावंडं. म्हणजे वडिलांचं सगळं सुशीकडे. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, मग शाळा. मधल्या सुट्टीत धावत घरी, परत कूस बदलायला. मॅट्रिकचं वर्ष होतं. हुशार होती, माझ्यापेक्षा तर कितीतरी. पास झाली असती तर बाई तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला लावून देणार होत्या. त्या घरात चौघांची आशा त्या एका परीक्षेवर होती.

एका शुक्रवारी बाईंनी डब्यातून एक चिठ्ठी काढली. पातळ गुलाबी कागद, वैद्य पुडी बांधून देतात तसला. बाईंनी वाचली. "बाबा आता सुटावेत असं वाटतं. त्यांच्यासाठी नाही. माझ्यासाठी."

बाईंनी चिठ्ठीची परत घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, "हे जिनं लिहिलंय ती दमलेली आहे. दमणं पाप नाही." आणि चिठ्ठी इस्त्रीत टाकली. पण मी कागद ओळखला होता. तसल्या पुड्या माझ्याच बाकाच्या खणात सुशी ठेवायची.

आणि मी काय केलं? घरी गेले आणि आईला सांगितलं. चुगली म्हणून नाही हो, देवाशपथ. जड झालं होतं म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "अगंबाई!" आमच्या आईचं "अगंबाई" कधी घरात राहायचं नाही, ते नळावर जायचं.

दोन आठवड्यांनी सुशीचे वडील गेले.

नळावरचं बोलणं फिरत फिरत तिच्या काकांपर्यंत पोचलं. काका महिदपूरहून आले होते, नेमाधर्माचे, कीर्तनाला बसणारे. सुतकातच, भरल्या घरात त्यांनी सुशीला विचारलं, "तू असं लिहिलंस?" ती हो म्हणाली. खोटं बोलली असती तरी चाललं असतं, पण हो म्हणाली. काका म्हणाले, "मनात आणलं म्हणजे केलंच. बापाच्या मरणाची वाट बघणारी पोर आपल्या कुळात झाली." त्याच दिवशी सुशीनं देवाचं नाव घेऊन पाणी सोडलं. जन्मभर मीठ खाणार नाही आणि पुढे शिकणार नाही. काकांनी तिला मीठ सोडायला सांगितलं नव्हतं की शाळा सोडायला सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून केलं. तेच जास्त वाईट.

चारच दिवसांत काकांचा अर्ज कमिटीकडे गेला. ही बाई पोरींच्या मनातली घाण वर काढते. बाईंना बोलावणं आलं. आत काय झालं ते दाराशी उभ्या गेंदाबाईनं आम्हाला हातवारे करून सांगितलं. "म्हने सब सुण्यो, बेटी! वो बोले, माफी मांगो. तो बेनजी बोली, मांगती हूं. सब खुश! फिर बोली, चिठ्ठी जोर से बांची उसकी माफी. लड़की ने सच लिख्यो उसकी नी." म्हणजे चिठ्ठी मोठ्यानं वाचली त्याची माफी, मुलीनं खरं लिहिलं त्याची नाही. मग कमिटीनं सांगितलं, डबा बंद करा आणि नीती पुस्तकातून शिकवा. बाई म्हणाल्या की डबा बंद होणार नाही. मॅट्रिकपर्यंत मुलींचं शिवण पुरं करीन, मग मी जाईन आणि डबा घेऊन जाईन. कमिटीतले चार जण एकदम बोलायला लागले. शास्त्रीबुवा तेवढे गप्प होते, म्हणे.

मला वाटलं होतं बाई आता घरी बसतील. छे! चौदाव्या दिवशी सुतक फिटलं की गोडाचं जेवण करतात, शेजारपाजारचे काहीतरी गोड घेऊन जातात. आम्ही शिरा घेऊन गेलो होतो. माझी आई नजर वर करत नव्हती, आणि मी तर आईच्या मागेच. काका पाटावर, शास्त्रीबुवा जुने स्नेही म्हणून भिंतीशी बसलेले. सुशीला भावंडांबरोबर पंगतीत बसवलं होतं. तिच्या पानात सगळं वेगळं, अळणी. आपल्याकडे पानात मीठ पहिलं वाढतात. सगळ्यांच्या पानात ती पांढरी चिमूट होती, तिच्या पानात ती जागा रिकामी. चौदा दिवसांत पोरगी अर्धी झाली होती.

बाई दारातून आत आल्या. गळ्यात टेप. हातात पितळेची डबी.

"सगळ्यांनी गोड आणलं," त्या म्हणाल्या. "मी खारट आणलंय."

काका उठले. "बाई, तिनं देवाला शब्द दिलाय."

"ऐकलं मी." बाई सुशीच्या पानासमोर खाली बसल्या. नऊवारीतली ती उंच बाई मांडी घालून बसली तरी उभ्या माणसाएवढी वाटत होती. "सुशी, मला दोन गोष्टी विचारायच्यात. तीन वर्षं बाबांची कूस कोण बदलत होतं?"

"मी."

"रात्री पण?"

"हो."

"बाबांना शेवटची आंघोळ कोणी घातली?"

उत्तर काकांनी द्यावं म्हणून बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. काका म्हणाले, "आम्हीच पुरुषमंडळींनी."

"मग तुम्ही त्यांची पाठ बघितली असेल. तीन वर्षं खाटेवर पडलेल्या माणसाची पाठ. कुठे फुटली होती?"

काका उपरणं सावरू लागले.

"सांगा ना, भाऊसाहेब. किती जखमा होत्या?"

"एक पण नव्हती," काका म्हणाले.

"एक पण नव्हती. मी माझ्या घरात एक माणूस असा दोन वर्षं सांभाळलाय, मला माहीत आहे जखम न होऊ देणं म्हणजे काय असतं ते." बाईंचा आवाज चढला. "हिच्या मनात एकदा काय आलं ते तुम्ही मोजलंत. हिच्या हातांनी तीन वर्षं काय केलं ते कोण मोजणार? अर्धंच माप घेता आणि माणसाला पापी ठरवता? घ्यायचं तर पुरतं घ्या!"

सुशी रडायला लागली. भावंडं तोंडातला घास तसाच ठेवून बघत होती.

मग बाईंनी जे सांगितलं ते त्यांनी शाळेत कधी, कुणालाच सांगितलं नव्हतं. "माझे यजमान दरबारच्या फौजेत होते. छातीच्या दुखण्यानं दोन वर्षं आजारी. मी बावीस वर्षांची. एका पहाटे माझ्या मनात आलं, आता सुटू दे. यांना नाही, मला. आठ दिवसांनी ते गेले. मी मीठ सोडलं. अकरा वर्षं, सुशी. अकरा वर्षं अळणी खाल्लं आणि माझं मन एक तसूभर चांगलं झालं नाही. उलट ज्यांच्या तोंडाला चव आहे त्या सगळ्यांचा राग यायला लागला. देवाला काय मिळालं त्यातून? आणि त्यांना तरी काय मिळालं? मग एक दिवस परकराचं माप घ्यायला एक चिमुरडी आली, हातात मिठाचा पेरू. माझ्यापुढे धरला. मी खाल्ला. आभाळ कोसळलं नाही. त्या दिवसापासून मी यजमानांची आठवण धड काढू शकले. त्याआधी नुसतं पाप आठवायचं, माणूस आठवायचा नाही."

कसला हिशेब मागचा होता ते मला तेव्हा कळलं.

शास्त्रीबुवा भिंतीपासून पुढे सरकले. "पोरी," ते म्हणाले, "संकल्प सोडवता येतो. शास्त्रात वाट आहे. मी सोडवतो तुझा." आणि त्यांनी स्वतः डबीकडे हात नेला. मला वाटलं, झालं, सुटलं सगळं! पण बाईंनी त्यांचा हात अडवला. चक्क अडवला.

"नको, बुवा. तुमचं मन मोठं आहे, कळलं मला. पण आज तुम्ही सोडवलंत तर उद्या दुसरा कोणी बांधेल. हिला ते कायमचं दुसऱ्याच्या हातात राहील." मग सुशीकडे वळून, अगदी वर्गातल्या आवाजात, "सुशी, शिवण चुकली तर काय करायचं?"

"उसवायची."

"कोणी?"

शास्त्रीबुवा, काका, माझी आई, सगळे त्या पोरीच्या उजव्या हाताकडे बघत होते. तिनं पदरानं तोंड पुसलं, डबी उघडली, चिमूटभर मीठ घेतलं, पानात जिथे वाढतात तिथे ठेवलं. मग भातात कालवलं आणि खाल्लं. रडतच खाल्लं, पण पान पुरं केलं.

शास्त्रीबुवा काकांना म्हणाले, "भाऊसाहेब, मी इतके दिवस समजत होतो, सदरा मोठा आहे आणि पोरं लहान. या पोरीला तर तो आखूड पडलाय हो." काकांनी मान खाली घातली आणि त्यांनीही जेवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सुशी शाळेत आली.

मॅट्रिकचा निकाल लागला, सुशी पास झाली. मीही झाले, जेमतेम. सुशी पुढे कितीतरी वर्षं अन्नपूर्णा मंदिराकडच्या एका शाळेत शिकवत होती, आणि तिची जीभ माझ्याहून तिखट झाली, ते वेगळं. पण बाईंनी शब्द फिरवला नाही. कमिटी नरमली होती, शास्त्रीबुवा स्वतः दोनदा घरी जाऊन आले, राहा म्हणाले, डब्याचं बघू म्हणाले. बाई म्हणाल्या, "बघू म्हणजे नाही. मला कळतं." खरगोनकडे बायकांसाठी शिवणाचा वर्ग निघाला होता, तिथे निघाल्या.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते शाळेच्या फाटकाशी, टांग्यात. एक ट्रंक, एक वळकटी, आणि मांडीवर बिस्किटांचा डबा. गेंदाबाई रडत होती आणि टांगेवाल्याला "भिया, जरा आराम से ले जाजो" असं चार-चारदा बजावत होती. मी टांग्याच्या पायरीपाशी गेले. किती दिवस घोळवलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं. "बाई, सुशीचं मी सांगितलं होतं. आमच्या आईला."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, "कधीपासून?"

"त्या शुक्रवारनंतर तू डब्यात कोरी चिठ्ठी टाकायला लागलीस तेव्हापासून. त्याआधी तुझी चिठ्ठी एवढी लांबलचक असायची की घडी बसायची नाही."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "बाई, मी आता काय सोडू सांगा. सांगाल ते सोडते."

"सोडायचं काही नाही!" बाई केवढ्यानं ओरडल्या, घोडं बिचकलं. "खबरदार मीठबीठ सोडशील तर. काही सोडायचंच असेल तर आईला सगळं सांगायची सवय सोड." मग टेप बाजूला सारून त्यांनी पदराच्या गाठीतून पेरू काढला, चाकूनं त्याचे दोन भाग केले, डबीतलं मीठ लावलं आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. "आणि सुशीला जाऊन सांग. मला सांगून भागायचं नाही. तुझी शिवण आहे, तूच उसव. खा आधी."

मी खाल्ला. टांगा हलला. बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, राहिलेला अर्धा पेरू खात. वळून बघितलं नाही.

मी तिथूनच चालत सुशीच्या घरी गेले.